ऊसतोड मजुरांच्या मुलाखती: गुणात्मक माहिती कशी गोळा करावी

किती कुटुंबं ऊसतोडीला जातात, हे सर्वेक्षणातून कळतं. पण उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) फिटत नसतानाही माणूस पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे (मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडे) का जातो, हे कळायला बसून ऐकावं लागतं. ते कसं करावं, हे बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांच्या, म्हणजे 'कोयत्यां'च्या उदाहरणावरून पाहू.

१. वेळ आणि जागा. हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. तेव्हा बाई पहाटेच उठलेली असते. संध्याकाळी कोपीवर (मजुरांच्या तात्पुरत्या झोपडीवर) तासाभराची मुलाखत मागणं म्हणजे तिची झोप मागणं. हंगामात निरीक्षण आणि पंधरा-वीस मिनिटांच्या गप्पा एवढंच ठेवावं. लांब मुलाखती मे-जूनमध्ये, गावी. मुकादमाच्या ओळखीनं गेलात तर दार लगेच उघडतं, पण उचलीबद्दल कुणी खरं बोलत नाही. आशाताई किंवा शाळेतल्या शिक्षकांमार्फत गेलेलं बरं.

२. संमती. छापील कागदावर अंगठा घेऊ नये. उचलीच्या व्यवहारात अंगठ्याचा अर्थ वेगळा असतो. माहिती तोंडी सांगावी, 'नको वाटलं तर कधीही थांबा' हे आवर्जून सांगावं आणि होकार रेकॉर्ड करावा. नावाऐवजी 'को-०७' असा संकेत द्यावा. नाव-संकेतांची यादी वेगळी, कुलपात. गाव, मुकादम आणि कारखाना तिन्ही लिहिले तर नाव गाळूनही माणूस ओळखू येतो.

३. मुलाखत. आठ-दहा प्रश्नांची यादी पुरते, वेळ ४५ ते ९० मिनिटं. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. 'तुम्हाला कामात कोणत्या अडचणी येतात?' असं विचारलं की उत्तर येतं, 'काय, चाललंय बघा.' त्याऐवजी विचारावं, 'टोळीवरचा शेवटचा दिवस आठवतोय का? उठल्यापासून सांगा.' मग पाणी कुठून आणलं, लेकरू कुणाकडे ठेवलं, मोळ्या कुणी वाहिल्या, सगळं ओघानं येतं. मध्येच 'खाडा पडला' असं आलं, तर ते माहीत असूनही विचारावं, 'खाडा म्हणजे कसं?' दंडाची रक्कम, आजारपणातही कापलेले पैसे, त्यावरून झालेलं भांडण त्यातूनच बाहेर येतं. उत्तर संपल्यावर मनात पाचपर्यंत मोजावं. खरी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते. नवरा किंवा सासू शेजारी येऊन बसली तर विषय पावसापाण्यावर न्यावा आणि उरलेलं पुन्हा कधीतरी.

फोन विमान मोडवर, बाईपासून हातभर अंतरावर, कापडाच्या घडीवर. पंख्याखाली आणि पत्र्याखाली आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकावं.

४. निरीक्षण. वहीच्या डाव्या पानावर दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर आपल्याला वाटलं ते. 'ती कंटाळली होती' हे उजवीकडे. डावीकडे असं: 'मोळी टाकली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मुकादमाची गाडी दिसताच पुन्हा वाकली.' त्रोटक टिपणं त्याच रात्री पूर्ण करावीत. दुसऱ्या दिवशी तपशील गळतो आणि त्याची जागा आपला अंदाज घेतो.

५. गटचर्चा. सहा ते आठ बायका, शक्यतो एका वयाच्या. मुकादमाच्या घरातलं कुणी नको. मजुरीचे दर आणि वस्तीवरच्या सोयी यांसाठी गट चांगला. कर्ज, मारहाण, गर्भाशयाची शस्त्रक्रिया हे विषय गटात काढू नयेत. शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये बराच गाजला, त्यामुळे थेट विचारलं तर बातमीतलंच वाक्य परत ऐकायला मिळण्याचा धोका असतो.

६. किती मुलाखती? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासून २००६ मध्ये लिहिलं की बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मध्येच येऊन गेले होते. हा आकडा डोळे मिटून वापरला जातो. तो एकसारख्या गटासाठी आहे. बायका, पुरुष आणि मुकादम यांची मोजणी वेगवेगळी धरावी.

७. उतरवून काढणं. तासाभराच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास धरावेत. बोली प्रमाण मराठीत आणू नये. 'मुकादमानं लई ताणलं' याचं 'मुकादमाने त्रास दिला' केलं की ताणणं कशाचं, पैशाचं, वेळेचं की अंगाचं, हे विचारायची जागाच जाते. हे काम शेवटी करायला ठेवू नये. पहिल्या दोन मुलाखती उतरवल्या की आपण कुठे मध्येच तोडलं ते दिसतं आणि तिसरीला जाण्याआधी प्रश्नांची यादी बदलता येते.