घरातली लिफ्ट मध्येच अडकली तर या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात, आषाढातल्या एका दुपारी बेळगावातल्या शहापूरच्या आमच्या घरात करंट गेला आणि आई लिफ्टमध्ये अडकली. केबिन तळमजला आणि पहिला मजला यांच्या मध्येच थांबली होती. आईचं वय 76, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. खरं तर बॅटरीवर लिफ्टनं जवळच्या मजल्याला येऊन दार उघडायला हवं होतं, पण बॅटरीच मेलेली होती. गल्लीतली पोरं धावत आली. एकानं शेजारच्या बांधकामावरची पहार आणली. वरच्या मजल्याचं दार उचकटायचं आणि फटीतून आईला दंडाला धरून वर ओढायचं, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मी होतो.

तेवढ्यात फोनवर मेकॅनिक सापडला. "पहार खाली ठेवा ओ आधी," तो ओरडला. "मेन बंद केलाय काय?"

केला नव्हता. आई अर्धी आत, अर्धी बाहेर असताना करंट आला असता आणि केबिन हलली असती तर? आजही ते डोळ्यापुढं आलं की हात गार पडतात. पन्नास मिनिटांनी मेकॅनिक पोचला, त्यानं केबिन मजल्याला आणली आणि आई आपल्या पायांनी बाहेर आली. त्या पन्नास मिनिटांत तिला लिफ्टपेक्षा आमच्याकडूनच जास्त धोका होता.

टिळकवाडी, हिंदवाडी, सदाशिवनगर अशा भागांत आता कितीतरी बंगल्यांत लिफ्ट आहे. मुलं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला आणि घरात दोघंच म्हातारे. अशा घरांसाठी हे लिहितोय.

आत असताना: दाराशी झटू नका

पहिली भीती असते ती लिफ्ट खाली कोसळेल याची. एक गोष्ट समजली तर ती बरीच कमी होते. दोरावर चालणाऱ्या लिफ्टचा ब्रेक करंटनं लागत नाही, करंटनं सुटतो. करंट गेला की स्प्रिंगच्या जोरानं तो आपोआप घट्ट आवळला जातो. म्हणजे अंधारात थांबलेली केबिन लटकत नसते, धरून ठेवलेली असते. शिवाय वेग मर्यादेबाहेर गेला तर रुळांना पकडून केबिन थांबवणारी वेगळी यंत्रणा असते. हायड्रॉलिक लिफ्टमध्ये तेल व्हॉल्व्हमागे अडकून राहतं आणि तेच केबिनला पेलतं. दुसरी भीती जीव गुदमरण्याची. केबिन काही हवाबंद डबा नसते, तिला हवेसाठी झरोके ठेवलेले असतात.

म्हणून आधी खाली बसा. म्हाताऱ्या माणसानं तर नक्कीच, कारण घाबरून चक्कर येऊन पडलं तर तेवढ्या जागेत डोकं आपटतं. लाल स्टॉपचं बटण चुकून दाबलं गेलंय का बघा. मजल्याचं बटण एकदा दाबून पाहा, दार उघडायचं बटण एकदा. दोन-तीन मिनिटं बॅटरीची वाट पाहा. काहीच झालं नाही तर बेल दाबा, फोन करा आणि दाराला हात लावू नका. उड्या मारणं, केबिन हलवणं, सगळी बटणं बडवणं यानं काहीही सुटत नाही.

दार उघडलंच तरी मध्येच अडकलेल्या केबिनमधून बाहेर पडायचं नाही. हे मी पुन्हापुन्हा सांगेन. केबिन मजल्याच्या वर थांबली असेल तर तिच्या तळाखाली शाफ्टची, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीची, मोकळी फट राहते. माणूस बसून खाली सरकतो, पाय टेकायला जातो आणि तोल मागं गेला की थेट खड्ड्यात. केबिन मजल्याच्या खाली असेल तर वर चढताना ती हलली की अंग मध्ये चिरडतं. पावसाळ्यात आपल्याकडे पाच मिनिटांत तीनदा करंट येतो-जातो. करंट आल्यावर बऱ्याच लिफ्ट स्वतःची जागा ओळखायला आपणहून एक फेरी मारतात. तेव्हा त्या कुणाला विचारत नाहीत.

बाहेरच्यांनी केलेल्या चुका

मेन बंद न करता दाराला हात लावणं ही सगळ्यांत मोठी. बॅटरी असलेल्या लिफ्टला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मेन बंद केला तरी बॅटरी केबिन हलवू शकते, तिचा स्विच वेगळा असतो. तो कुठे आहे हे मेकॅनिककडून आजच बघून घ्या आणि त्यावर रंगानं खूण करा. बॅटरीला तिचं काम करायला दोन-तीन मिनिटं द्यायची, नाही झालं तर दोन्ही स्विच बंद करायचे आणि तिथं एक माणूस उभा करायचा, म्हणजे कुणी येऊन उत्साहानं परत चालू करणार नाही.

दुसरी चूक अशी की, कुणीतरी मशीनजवळ जाऊन ब्रेक सोडतो. "थोडा ढिला केला की लिफ्ट हळूच खाली येईल" असं म्हणतात. दोराच्या लिफ्टला दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं. ते रिकाम्या केबिनपेक्षा बरंच जड ठेवतात, साधारण पूर्ण भाराच्या 40 ते 50 टक्क्यांनी. आत एकटी म्हातारी बाई असेल तर केबिनचं पारडं हलकं असतं. ब्रेक सुटला की ती खाली येणार नाही, वर जाईल आणि वेग घेत जाईल. हे मेकॅनिकनं मला कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा मी गप्पच झालो. ब्रेक सोडणं, चाक फिरवणं, हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह उघडणं ही शिकलेल्या माणसाचीच कामं. तुमच्या लिफ्टसाठी घरच्या एखाद्याला कंपनीनं रीतसर शिकवलं असेल तर गोष्ट वेगळी.

आतल्या माणसाला छातीत दुखतंय, श्वास लागतोय, उत्तर येत नाही किंवा धूर दिसतोय, तर मेकॅनिकची वाट पाहू नका, 112 लावा. आग लागली असताना लिफ्टमध्ये शिरायचंच नाही.

बाकी वेळ आतल्या माणसाशी बोलत राहा. आमच्या शेजारच्या वहिनी दाराशी खुर्ची टाकून बसल्या आणि आईला मांडे कसे करायचे ते विचारत राहिल्या. आईचा आवाज दहा मिनिटांत ताळ्यावर आला.

बेल कुणाला ऐकू येते?

आमची बेल शाफ्टच्या माथ्यावर होती. तिचा आवाज गच्चीवरच्या कबुतरांना जात असेल. आता ती स्वयंपाकघरात वाजते, स्वतःच्या बॅटरीवर. घरात एकटं माणूस राहत असेल तर ती शेजारच्या घरापर्यंत न्या. लोखंडी केबिनमध्ये मोबाईलची रेंज जाते, म्हणून दार बंद करून फोन लागतो का ते एकदा तपासा. लागत नसेल तर इंटरकॉम घ्या.

कंपनीची हेल्पलाइन बहुतेक वेळा बेंगळुरूला लागते. आईला बाजारापुरतं कन्नड येतं, घाबरल्यावर तेही आठवत नाही. केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत आम्ही कागद लावलाय. लिफ्टचा नंबर, घराचा पत्ता, जवळची खूण, दोन शेजाऱ्यांचे फोन. खाली देवनागरीत एक ओळ आहे: "लिफ्ट निंतैती, ओळग मंदी अदार." म्हणजे लिफ्ट थांबली आहे, आत माणसं आहेत. तेवढं वाचता आलं तरी पुरतं.

लहान मुलं आणि दोन दारांमधली जागा

बाहेर उघडणारं दार आणि आत जाळीचं किंवा घडीचं दार, अशा लिफ्टमध्ये दोन दारांच्या मध्ये जागा राहते. लहान मूल तिथं उभं राहू शकतं. बाहेरचं दार लागलं आणि वरून कुणी लिफ्ट बोलावली की संपलं. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगानं 2019 साली घरगुती लिफ्टच्या याच फटीबद्दल लोकांना सावध केलं होतं. ही जागा 4 इंचांपेक्षा जास्त नको. टेपनं मोजा. जास्त निघाली तर बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला ती जागा भरून काढणारा पॅनेल कंपनीकडून बसवून घ्या. सुट्टीत नातवंडं येण्याआधी हे काम करा. जाळीच्या दारात पदर, ओढणी, कुत्र्याची साखळीही अडकते.

पाऊस, पोती आणि पाहुणे

जुन्या बेळगावात घराघरात विहिरी आहेत. पावसाळ्यात पाणी जमिनीलगत येतं आणि लिफ्टच्या खड्ड्यात झिरपतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये जिल्ह्यात किती घरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलंच. खड्ड्यात पाणी दिसलं की लिफ्ट वापरू नका. पाऊस झोडपू लागला की रिकामी केबिन वरच्या मजल्याला पाठवा आणि मेन बंद करा. पाणी काढल्यावरही मेकॅनिकनं वायरिंग आणि अर्थिंग तपासल्याशिवाय चालू करायची नाही.

भाराचा हिशेब आपल्याकडे माणशी 68 किलो धरतात. चार माणसांची लिफ्ट म्हणजे 272 किलो. गणपतीत पाच धट्टेकट्टे पाहुणे आणि कडेवरची दोन पोरं घुसली की ती मर्यादा गेली. गावाकडून आलेली बासमतीची पोतीही एकदम रचू नका. ओव्हरलोडचा आवाज आला तर एकानं उतरायचं, तो आवाज बंद करून घ्यायचा नाही.

थोडक्यात निदान

दार लागत नसेल तर आधी उंबऱ्याची खाच बघा. रांगोळी, अक्षता, तोरणाचा दोरा तिथं साचतो. दाराच्या सेन्सरवरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा. लाइनमननं ट्रान्सफॉर्मरवर काम केल्यानंतर थ्री फेजची लिफ्ट चालेनाशी झाली तर फेजचा क्रम उलटला असण्याची शक्यता असते. ते इलेक्ट्रिशियनचं काम. केबिन मजल्यापासून दोन इंच वर-खाली थांबायला लागली तर त्याच दिवशी मेकॅनिकला बोलवा, ब्रेक झिजल्याची ती खूण असू शकते. महिन्यातून एकदा केबिन रिकामी ठेवून मेन बंद करा आणि बॅटरीवर ती मजल्याला येते का बघा. आम्ही हे कधीच केलं नव्हतं.

कागदपत्रांबद्दल एवढंच, की कोल्हापूर-गडहिंग्लजचे पाहुणे सांगतात ते नियम महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याचे. इथं कर्नाटकाचा 2012 चा लिफ्ट कायदा चालतो आणि परवाना, तपासणी विद्युत निरीक्षणालयाकडे असते.

आणि एक तपासणी आजच करा. बाहेरचं दार थोडं उघडं ठेवून बटण दाबा, लिफ्ट हलता कामा नये. मग केबिन दुसऱ्या मजल्यावर पाठवून खालचं दार ओढून पाहा, ते उघडता कामा नये. यातलं काहीही झालं तर दाराचं लॉक खराब आहे, नाहीतर कुणीतरी "तात्पुरतं" म्हणून वायर जोडून लॉक बायपास केलंय. ते नीट होईपर्यंत मेन बंद ठेवा, प्रत्येक मजल्याच्या दारापुढं खुर्ची आडवी लावा आणि घरात सगळ्यांना सांगा.