नाथसागराच्या काठी पक्ष्यांचे छायाचित्रण कसे करावे

कॅमेरा, ४०० मिलिमीटरची लेन्स आणि वनविभागाची परवानगी तुमच्याकडे आहे, असे मी धरून चालतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा नाथसागर हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात उजाडण्यापूर्वी त्याच्या पूर्व काठावर पोहोचावे, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो. उडत्या पक्ष्यांसाठी शटरचा वेग १/२००० सेकंद ठेवावा.

खरी अडचण पक्ष्यांजवळ जाण्याची असते, आणि पहिले दोन हिवाळे मी केवळ पाठमोऱ्या थव्यांचीच छायाचित्रे घरी आणली. झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालावेत, असा सल्ला सगळेच देतात. परंतु उघड्या गाळावर, जिथे गुडघ्याएवढे झुडूपही नसते, तिथे उभा माणूस कोणत्याही कपड्यांत उभा माणूसच दिसतो. चक्रवाक सर्वांत आधी सावध होतो आणि त्याने ओरडायला सुरुवात केली की शेजारचे पट्टकदंब हंस आणि थापट्या बदकेही उठतात. मग ती सकाळ गेलीच म्हणून समजावे.

म्हणून पक्ष्यांच्या मागे जाऊ नये, त्यांना आपल्याकडे येऊ द्यावे. शेकाट्ये आणि तुतवार हे काठावरचे पक्षी पाण्याच्या कडेकडेने चरत पुढे सरकतात. ते कोणत्या दिशेने जात आहेत हे दहा मिनिटे दुरूनच पाहावे, मोठा वळसा घालून त्यांच्या वाटेवर पन्नास-साठ पावले पुढे जावे आणि सरळ पोटावर पडून राहावे. लेन्सखाली ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवावी. तिपाई इथे उंच पडते. जवळ सरकावेच लागले, तर तिरके आणि थांबत थांबत सरकावे. चरणे थांबून माना वर झाल्या की आपणही तिथेच थांबावे, आणि माना पुन्हा खाली गेल्या नाहीत तर निमूटपणे मागे फिरावे.

गाळाची मात्र धास्ती बाळगावी. पाणी ओसरल्यावर वरचा थर वाळून भेगाळतो, पण आत लोण्यासारखा चिखल असतो. त्यात मी गुडघ्यापर्यंत रुतलो होतो. कॅमेरा वाचला, एक चप्पल अजूनही तिथेच आहे. गुरांच्या खुरांचे ठसे खोल गेलेले दिसले की पुढे पाऊल टाकू नये आणि हातात काठी ठेवावी.

साडेनऊच्या सुमारास ऊन तापते, गाळावरची हवा थरथरू लागते आणि कितीही महागड्या लेन्सने लांबच्या पक्ष्याचे पीसन् पीस सुटे दिसत नाही. तेव्हा पिशवी झटकून, आलो त्याच पावलांच्या ठशांवरून परतावे.