बटाट्याला जिवाणू खत: बेणे बुडवण्यापेक्षा सरीत द्या

लागवड तोंडावर आली की जिवाणू खताची खरेदी सुरू होते. पाकीट घेताना नाव वाचा. रायझोबियम असेल तर परत ठेवा. ते शेंगवर्गीय पिकांचे, बटाट्याला उपयोगाचे नाही. इथे नत्रासाठी अ‍ॅझोटोबॅक्टर किंवा अ‍ॅझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी लागतात. जमिनीचा सामू (पीएच) 6 च्या खाली असेल तर अ‍ॅझोटोबॅक्टर नीट तग धरत नाही, त्यातल्या त्यात अ‍ॅझोस्पिरिलम बरे. पण अ‍ॅझोटोबॅक्टरच्या सोयीसाठी चुना टाकून सामू चढवू नका. कॉमन स्कॅब हा सालीवर चट्टे पाडणारा रोग बळावतो, आणि खरबरीत चट्ट्यांच्या मालाला भाव कोण देणार?

नत्राचे जिवाणू आणि पीएसबी, या दोन्हींत माझा भर पीएसबीवर. बटाट्याची मुळे उथळ, आणि घातलेल्या स्फुरदाचा मोठा भाग चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमशी, आम्ल जमिनीत लोह व अ‍ॅल्युमिनियमशी बांधला जातो. हे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून त्यातला काही मोकळा करतात. जमिनीत स्फुरदच कमी असेल तर मात्र ते तरी काय विरघळवणार?

बेणे द्रावणात बुडवण्याची शिफारस सर्रास होते. कापलेल्या बेण्यासाठी मला ती पटत नाही. एखादी कुजकी फोड त्या पाण्यात गेली की मऊ कुजेचे जंतू पुढच्या सगळ्या फोडींना लागतात. त्यापेक्षा हेक्टरी नत्राच्या जिवाणूंची आणि पीएसबीची प्रत्येकी 4 ते 5 किलो भुकटी 100 ते 200 किलो चांगल्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात सावलीत कालवा आणि लागवडीच्या वेळी सरीत बेण्याच्या जवळ टाकून लगेच मातीने झाका. पाकिटावर वेगळी मात्रा असेल तर ती धरा. खत मुठीत दाबले की गोळा व्हावा, पाणी गळू नये, एवढीच ओल हवी. जमिनीतही वाफसा, म्हणजे चिखल न होणारी बेताची ओल, असू द्या.

बुरशीनाशक लावायचे तर ते बेण्याला आधी लावून सुकू द्या. रासायनिक खतात जिवाणू मिसळू नका. मुदत संपलेले किंवा उन्हात तापलेले पाकीट फुकट मिळाले तरी नको.

पहिल्या वर्षी नत्र-स्फुरद कमी करण्याची घाई नको. चार-पाच सऱ्या जिवाणू खताविना सोडा, काढणीला त्यांचा आणि जिवाणू खत दिलेल्या तेवढ्याच सऱ्यांचा माल वेगवेगळा तोला. फरक दिसला, तर माती परीक्षण पाहून पुढच्या हंगामात स्फुरदाला थोडा हात आखडता घ्या.