२५,५०० म्हणजे हातात किती?

गेल्या रविवारी भाची आणि तिचा भाऊ कळव्याला घरी आले. भाची राज्य सरकारात लिपिक आहे. आता तिची केंद्र सरकारात निवड झाली आहे, बेलापूरच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या एका कार्यालयात. नेमणुकीच्या पत्रावर लिहिलं होतं: लेव्हल ४, २५,५००–८१,१००. भाऊ ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरी करतो. त्यानं पत्र वाचलं आणि हसला. “मावशी, पंचवीस हजार? माझं पॅकेज पाच लाख चाळीस आहे.”

मी कोकण भवनात आस्थापनेच्या टेबलावर बसते. पगारबिलं, वेतननिश्चिती, सेवापुस्तकं यातच अठरा वर्षं गेली. कणीक मळता मळता दोघांना जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

सरकारी पगारात घासाघीस नसते. ‘थोडं वाढवून द्या’ म्हणायला समोर कोणी माणूसच नसतो, असतो तो वेतनाचा तक्ता. पण म्हणून आकडा नीट वाचायचा नाही असं नाही.

सगळ्यात आधी कागदावर ‘वेतनश्रेणी’ हा शब्द आहे का ते बघायचं. त्याऐवजी ‘मानधन’, ‘एकत्रित वेतन’, ‘११ महिन्यांसाठी’ किंवा ‘बाह्यस्रोताद्वारे’ असं काही दिसलं, तर खाली मी लिहिलेलं काहीच लागू नाही. दिसेल तो आकडा हाच पगार. शिक्षणसेवकाचं उदाहरण घ्या. पहिली तीन वर्षं मानधन, प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००. हेसुद्धा जानेवारी २०२३ पासून, त्याआधी प्राथमिकला ६,००० होते. तीन वर्षांनी वेतनश्रेणी मिळते हे खरं, पण ती तीन वर्षं ठाण्यात काढायची कशी, याचा हिशेब आधी घरात मांडावा लागतो.

वेतनश्रेणी असेल तर दुसरा आकडा विसरून जायचा. ८१,१०० बघून लोक हुरळतात. वेतनाच्या तक्त्यात लेव्हल ४ च्या रकान्यात चाळीस घरं आहेत, दरवर्षी एक घर पुढे. म्हणजे बढती न घेता त्या आकड्यापर्यंत पोचायला ३९ वर्षं. तोवर निवृत्ती होऊन नातवंडं शाळेत गेलेली असतात.

पहिला आकडा मात्र मूळ वेतनाचा. भाचीच्या भावाला विजेच्या बिलाच्या पाठीवर हे मांडून दाखवलं. महागाई भत्त्याचा केंद्राचा जुलै २०२५ चा ५८ टक्के दर धरला.

मूळ वेतन २५,५००. महागाई भत्ता १४,७९०. घरभाडे भत्ता ३० टक्के म्हणजे ७,६५०. इथे सगळे चुकतात, हे ३० टक्के फक्त मूळ वेतनावर असतात, महागाई भत्ता धरून नाही. वाहतूक भत्ता या लेव्हलला मुंबईच्या नागरी समूहात ३,६००, आणि त्यावर पुन्हा ५८ टक्के, म्हणून ५,६८८. बेरीज ५३,६२८.

आता कपात. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता याच्या १० टक्के पेन्शनसाठी, ४,०२९. केंद्राच्या आरोग्य योजनेचे २५०. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. गट विम्याचे किरकोळ. हातात ४९ हजारांच्या वर.

त्याच्या पाच लाख चाळीसचे महिन्याला ४५,००० होतात. त्यातून कंपनीनं भरायचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विम्याचा हप्ता आणि वर्षाअखेर ‘कामगिरी बघून’ मिळणारी रक्कम वजा केली, मग त्याचा स्वतःचा पीएफ. त्यानंच मोबाइलवर बँकेचा मेसेज दाखवला: पस्तीस हजार आणि काही. पॅकेजमध्ये जे मिळत नाही तेही मोजतात. सरकारी कागदावर जे मिळतं तेही लिहीत नाहीत. तुलना करायचीच तर दोन्हीकडे एकच माप लावा. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, सरकार आपल्या नावावर १४ टक्के भरतं, इथे ते ५,६४१ होतात. ते मिळवून बारानं गुणलं की तिचं ‘पॅकेज’ सात लाख अकरा हजार. भाऊ गप्प झाला, मग म्हणाला, “पण माझी वाढ लवकर होते.” ते मात्र खरं आहे. सरकारात वर्षाची वाढ साधारण ३ टक्के, बढती रखडली तर दहा, वीस, तीस वर्षांनी वरची पायरी. हुशार आणि घाईच्या माणसाला हे सोसत नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

यानंतर नेमणुकीचं ठिकाण. माझ्या मते पगाराइतकंच महत्त्वाचं, आणि लोक ते नीट वाचतच नाहीत. पत्रात ‘ठाणे जिल्हा’ लिहिलं म्हणजे ठाणे स्टेशन नव्हे. मुरबाडही ठाणे जिल्हा, शहापूरही. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे आपला तलाठी, याचंही मूळ वेतन २५,५०० च आहे. ३० टक्क्यांनी ठाणे शहरात घरभाडे भत्ता ७,६५०. ग्रामीण भागात १० टक्के, म्हणजे २,५५०. महिन्याला ५,१०० चा फरक, आणि कुटुंब कळव्यातच राहणार असेल तर रोजच्या प्रवासाचा खर्च वेगळा. सरकारी क्वार्टर घेतलं तर घरभाडे भत्ता बंदच होतो. तरी मिळत असेल तर डोळे मिटून घ्या, ७,६५० मध्ये कळव्यात एक खोलीही धड मिळत नाही.

भाचीला बेलापूर सोयीचं आहे. ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबरवरून पनवेल गाडी. बसायला मिळेल असं मी म्हणणार नाही.

रुजू व्हायची तारीख हा तिसरा मुद्दा, हा कोणी सांगत नाही. केंद्रात वेतनवाढ १ जानेवारीला किंवा १ जुलैला. २ जानेवारी ते १ जुलै या काळात रुजू झालात तर पहिली वाढ येत्या १ जानेवारीला. २ जुलैला गेलात तर थेट पुढच्या १ जुलैला. एका दिवसासाठी सहा महिने, आणि पुढची प्रत्येक वाढ तशीच सहा महिने मागे. लेव्हल ४ ची पहिली वाढ ८०० रुपयांची. आठशे काय, असं वाटेल, पण त्यावर महागाई आणि घरभाडे दोन्ही चढतं. तारीख आपल्या हातात असेल तर ‘चांगला मुहूर्त’ शोधण्याआधी कॅलेंडर बघा.

पहिला पगार वेळेवर येईल असं धरू नका. वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी, पेन्शन खात्याचा ‘प्राण’ (PRAN) क्रमांक, हे सगळं होईतो दोन-तीन महिने जातात. पैसे बुडत नाहीत, एकदम मिळतात. पण घरभाडं दर महिन्याला द्यावं लागतं.

बँकेच्या क्लार्कची नोकरी हातात असलेल्यांनी वेगळं गणित करावं. तिथे सुरुवात २४,०५० ला, पण भत्ते बँकांच्या करारानं ठरतात, वेतन आयोगानं नाही. घरभाड्याची टक्केवारी कमी आहे. उलट करार पाच वर्षांचा, चालू करार नोव्हेंबर २०२२ पासूनचा. आयोग दहा वर्षांनी येतो. शिवाय कर्मचाऱ्यांना स्वस्त घरकर्ज, ते ठाण्यात घर घ्यायचं असेल तर लहान गोष्ट नाही. महापालिकेत असाल तर बदली शहराबाहेर होत नाही, आणि दिवाळीला सानुग्रह अनुदान. आठव्या आयोगाच्या भरवशावर कोणी हिशेब मांडत असेल तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला.

पेन्शनचं थोडक्यात. केंद्रात १ जानेवारी २००४ पासून आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना एनपीएस. केंद्रात १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शनचा पर्याय आला: २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मं. नव्यानं लागणाऱ्यानं हा पर्याय ३० दिवसांत द्यायचा. पहिल्या महिन्याच्या गडबडीत हा कागद हमखास राहतो.

आणि ज्यांची आधीच एक सरकारी नोकरी आहे, त्यांनी हे शेवटचं दोनदा वाचा.

मी २००३ मध्ये दुसऱ्या जिल्ह्यात एका कार्यालयात लिपिक म्हणून लागले होते, जुन्या पेन्शनमध्ये. नंतर इकडच्या जागेसाठी अर्ज केला तो कार्यालयाला न सांगता. साहेब अडवतील ही भीती. २००७ मध्ये निवड झाली, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सांगितलं तसा राजीनामा लिहिला: ‘घरगुती अडचणींमुळे सेवेचा राजीनामा देत आहे.’ सगळे असंच लिहायचे. त्या एका वाक्यानं माझी चार वर्षांची सेवा पुसली गेली. इथे मी नवीन कर्मचारी ठरले, २००५ नंतरची, जुनी पेन्शन संपली. अर्ज कार्यालयामार्फत गेला असता आणि राजीनाम्यात ‘दुसऱ्या शासकीय पदावरील नियुक्तीसाठी’ एवढं असतं, तर सेवा सलग धरली गेली असती. आता दुसऱ्यांची पेन्शन प्रकरणं करताना दर वेळी ते वाक्य आठवतं.

भाचीनं अर्ज कार्यालयामार्फतच केला होता, ना हरकत दाखलाही आहे. तरी राजीनामा मी समोर बसवून लिहून घेतला. पदाचं नाव, नेमणुकीच्या पत्राचा क्रमांक, तारीख, आणि ‘तांत्रिक राजीनामा’ हे शब्द, म्हणजे दुसऱ्या सरकारी पदावर जाण्यासाठी दिलेला. तिचं आत्ताचं मूळ वेतन २१,१०० आहे, म्हणून वेतन संरक्षणाचा, म्हणजे जुनं वेतन कमी होऊ न देण्याचा, तिला उपयोग नाही, नवीन पदाचं २५,५०० त्याहून जास्तच आहे. ज्यांचं जुनं वेतन जास्त असेल, त्यांनी संरक्षणाचा अर्ज रुजू होतानाच द्यावा. मागून देणाऱ्यांच्या फायली माझ्या कपाटात आहेत.

दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय निघायचं नाही, असं तिला जिन्यापर्यंत जाऊन सांगितलं. माझ्या २००७ च्या राजीनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. शिक्का अगदी स्पष्ट उमटलाय.