ट्रेल बाइक स्वतः जुळवताय? भाग निवडताना या चुका टाळा

तयार सायकलीत कोणता भाग कशाशी जुळतो हा हिशेब कारखान्यात कुणीतरी आधीच करून ठेवलेला असतो. फ्रेमपासून एकेक भाग निवडून ट्रेल बाइक, म्हणजे दगड-मुळांच्या डोंगरवाटांवर चालवायची सायकल, उभी करायची ठरवली की तो सगळा हिशेब आपल्या गळ्यात येतो. अडलेल्या, फसलेल्या जुळवण्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यातली जवळजवळ प्रत्येक अडली ती दोन भाग एकमेकांना भिडतात त्या जागी. फ्रेम आणि शॉक (मागचे धक्के शोषणारा भाग), हब (चाकाचा मधला भाग) आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) आणि रोटर (ब्रेकची चकती). गंमत म्हणजे भाग दोन्ही उत्तमच असतात. म्हणून इथे कोणता ब्रँड भारी याची चर्चा कमी आणि या सांध्यांची जास्त आहे.

मापं लिहून काढायच्या आधी खरेदी सुरू करणं

कुठेतरी एखादी सुरेख चाकांची जोडी दिसते, ती घेतली जाते, आणि मग तिला बसणारी फ्रेम शोधायची धडपड सुरू होते. क्रम उलटा ठेवा. आधी फ्रेम ठरवा, तिचं माहितीपत्रक उघडा आणि एका कागदावर सगळी मापं उतरवून घ्या: मागच्या हबची रुंदी, बॉटम ब्रॅकेटचा (पॅडलचा दांडा फिरतो त्या बेअरिंगचा) प्रकार, हेडसेटचे (हँडल फिरवणाऱ्या बेअरिंगचे) वरचे-खालचे आकडे, शॉकची लांबी आणि स्ट्रोक (तो किती दबतो), शॉकच्या बोल्टची मापं, सीट ट्यूबचा आतला व्यास, मागे जास्तीत जास्त केवढा रोटर चालतो, पुढे किती दात्यांपर्यंत चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चकती) बसते, फोर्कचा (पुढच्या सस्पेन्शनचा) ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली होण्याचं अंतर, किती चालतो. हा कागद खरेदी संपेपर्यंत खिशात राहू द्या.

सध्याच्या ट्रेल फ्रेमवर मागे बहुतेक करून १४८ × १२ मिमी (हबची रुंदी × एक्सलचा व्यास) म्हणजे बूस्ट, आणि पुढे ११० × १५ मिमी हे माप असतं. जुन्या सायकलीची चांगली चाकं वापरू म्हणाल तर ती बहुधा १४२ आणि १०० ची निघतील. त्यांना अडॅप्टर मिळतात, पण मग रोटर सरकवावा लागतो, मागचं चाक स्पोक ताणून पुन्हा मध्यावर आणावं लागतं. उत्तम दर्जाची नवी सायकल करताना अशी तडजोड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही फ्रेमना १५७ मिमीचा सुपर बूस्ट हबही लागतो, त्यामुळे 'बूस्ट आहे' एवढ्यावर समाधान मानू नका, आकडा वाचा.

बॉटम ब्रॅकेटला आटे असतील (७३ मिमीचा बीएसए) तर मी ती फ्रेम आनंदाने घेतो. दाबून बसवायचा पीएफ ९२ नीट बसला तर चालतो, पण शेलचं (तो बसतो त्या नळीचं) माप जरा चुकलं की कुरकुर पाठ सोडत नाही. क्रँकचा (पॅडल जोडतात त्या हातांचा) दांडा पाहायला विसरू नका. शिमानो कंपनीचा २४ मिमी, स्रॅम कंपनीच्या डब प्रकाराचा २८.९९ मिमी. बेअरिंग त्याप्रमाणे घ्यावे लागतात.

शॉकची लांबी जुळली म्हणून स्ट्रोक न बघणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती सगळ्यात महागात पडू शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शॉकवर दोन आकडे असतात. २३० × ६० म्हणजे एका टोकाच्या बोल्टच्या भोकापासून दुसऱ्या टोकाच्या भोकापर्यंत २३० मिमी लांबी आणि ६० मिमी स्ट्रोक. २३० × ६५ देखील तितकाच लांब, त्याच बोल्टांवर निमूट बसतो. माझ्या फ्रेमला ६० चा हवा होता, मी ६५ चा बसवला. जास्तीचा ट्रॅव्हल फुकटात मिळाला असं वाटलं. १५० मिमी ट्रॅव्हलच्या फ्रेमवर ६० मिमी स्ट्रोक म्हणजे सरासरी गुणोत्तर अडीच. शॉक ५ मिमी जास्त दबला की मागचं चाक सुमारे १२ मिमी जास्त वर येतं. तेवढी जागा त्या फ्रेममध्ये नव्हती. पहिल्याच मोठ्या उडीनंतर खाली उतरून पाहिलं तर सीट ट्यूबच्या मागच्या बाजूला टायरच्या गुठळ्यांनी रंग खरवडून काढलेला होता. नशीब, फ्रेमला तडा गेला नव्हता.

तेव्हापासून जुळवणी झाली की एक तपासणी मी कधीच चुकवत नाही. शॉकमधली हवा हळूहळू, दांडा अधूनमधून दाबत, पूर्ण सोडायची. कॉइल असेल तर स्प्रिंग काढून ठेवायची. मग सायकल स्टँडवर असताना मागचं चाक हाताने वर उचलत शॉक अगदी टेकेपर्यंत न्यायचा आणि दुसऱ्या कुणाला तो तसाच धरून ठेवायला सांगायचा. आता खाली वाकून बघा. टायर आणि सीट ट्यूबमध्ये बोटभर फट आहे का? ड्रॉपर (चालवताना सीट खाली-वर करणारी पोस्ट) पूर्ण खाली केल्यावर सीट टायरला टेकते का? मागच्या ब्रेकची नळी ताणली जाते की एखाद्या सांध्यात चिमटते? दहा मिनिटांचं काम आहे.

ट्रनियन प्रकारच्या शॉकची (ज्याचं एक टोक दोन्ही बाजूंच्या बोल्टांनी धरलेलं असतं) लांबी वेगळी मोजतात. २१० × ५५ ला समकक्ष ट्रनियन १८५ × ५५ असतो, पण दोन्ही अदलाबदल करून बसत नाहीत. आणि माप तंतोतंत असलं तरी आतल्या डॅम्पिंगची (शॉकची हालचाल मंदावणाऱ्या रचनेची) ट्यून वेगळी असू शकते. फ्रेम बनवणाऱ्या कंपनीने कोणती ट्यून सुचवली आहे ते विचारून घ्या. नाहीतर रिबाउंडची (शॉक परत उसळण्याचा वेग ठरवणारी) घुंडी शेवटपर्यंत फिरवूनही मागचं चाक उडत राहील, आणि तुम्ही दोष स्वतःच्या चालवण्याला देत बसाल.

फोर्कच्या बाबतीत हाच मोह दुसऱ्या रूपात येतो. १४० ची फ्रेम, पण फोर्क १६० चा मिळतोय तर घेऊन टाकू! फोर्क १० मिमीने उंचावला की हेड अँगल (फोर्क बसतो त्या पुढच्या नळीचा कोन) साधारण अर्ध्या अंशाने आडवा होतो, सीट ट्यूबही तेवढीच मागे झुकते, बॉटम ब्रॅकेट वर जातो. १० मिमीची वाढ बहुतेक फ्रेम पचवतात आणि कंपन्या तशी परवानगीही देतात. २० मिमीला मात्र चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं. फ्रेमच्या मर्यादेपलीकडे गेलात तर हेड ट्यूबवर पडणारा ताण वाढतो, वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच. २९ इंची फोर्क ४४, ५१ मिमी अशा वेगवेगळ्या ऑफसेटमध्ये (फोर्कच्या रेषेपासून चाकाचा एक्सल किती पुढे आहे ते अंतर) मिळतात, तेव्हा फ्रेम कोणत्या ऑफसेटसाठी आखली आहे तेही पाहून घ्या.

गिअरचे भाग सुटे सुटे निवडणं

इथे सगळ्यात जास्त परत पाठवापाठवी होते. कारण हबवरची जी बॉडी कॅसेट धरून ठेवते तिचे तीन प्रकार सध्या चालतात. शिमानोच्या १०-५१ कॅसेटला मायक्रोस्प्लाइन लागते, स्रॅमच्या १०-५२ ला एक्सडी, आणि ११ दात्यांपासून सुरू होणाऱ्या बऱ्याच कॅसेटना जुनी एचजी. चाकं मागवताना हे लिहून द्यायचं राहिलं की सगळं काम तिथेच थांबतं.

स्रॅमचं ट्रान्समिशन (२०२३ साली आलेला गिअरचा संच) घ्यायचं असेल तर फ्रेम यूडीएच हँगरची (वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेमना चालणारा, डिरेलर टांगायचा एकच भाग) असलीच पाहिजे. हा हँगर स्रॅमने २०१९ मध्ये आणला. ट्रान्समिशनचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) हँगर काढून थेट फ्रेमवर बसतो, त्यामुळे इथे जुगाडाला वावच नाही. त्याची चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगचं अंतर) ५५ मिमी. सपाट पाठीची साखळी, कॅसेट आणि चेनरिंग हे सगळं त्याच घराण्यातलं घ्यावं लागतं. स्रॅमच्याच जुन्या ईगल गिअरची साखळी त्या कॅसेटवर टाकून काम भागत नाही. शिमानोच्या १२ स्पीडमध्येही साखळी आणि कॅसेट एकमेकींसाठी घडवलेल्या आहेत. त्या जोडीने घेतल्या की जोर लावत असतानाही गिअर किती अलगद पडतो ते कळतं.

चेनलाइन चुकल्याची खूण ओळखायला सोपी आहे. सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर असताना पॅडल उलटं फिरवा. साखळी लगेच खालच्या चकतीवर उतरत असेल तर चेनरिंग बरीच बाहेर बसली आहे. बूस्टसाठी स्रॅमच्या जुन्या तीन बोल्टच्या चेनरिंगला ३ मिमी ऑफसेट (इथे, आतल्या बाजूला सरकलेलं अंतर) लागतो, बिगर-बूस्टला ६ मिमी. हे दोन बाहेरून पाहताना सारखेच दिसतात.

साखळीची लांबी शॉक दाबून मोजा. सस्पेन्शन दबताना मागचा एक्सल बॉटम ब्रॅकेटपासून लांब जातो, म्हणजे सायकल नुसती उभी असताना कापलेली साखळी मोठ्या चकतीवर, पूर्ण दाबात तोकडी पडते. मग डिरेलर फाटतो, कधीकधी हँगरही जातो. हवा सोडून शॉक टेकवलाच आहात तर साखळीचं मापही तेव्हाच घ्या. ट्रान्समिशनसाठी मात्र स्रॅम फ्रेमनिहाय कड्यांची संख्या देते, तीच वापरा.

हलके म्हणून कमजोर टायर आणि छोटे ब्रेक

कार्बनच्या रिमवर पातळ बाजूंचे टायर पाहिले की मला खरोखर वाईट वाटतं. जमिनीला टेकतो तो फक्त टायर. दगडांची, मुळांची वाट असेल तर पुढे मॅक्सिस कंपनीचा एक्सो टायर चालेल, पण मागे जास्त मजबूत बाजूंचा एक्सो प्लस किंवा डबलडाउन घ्या. मागच्या चाकावर वजन जास्त येतं आणि रिम तिथेच आपटते. वाचवलेले दोन-तीनशे ग्रॅम एका फाटलेल्या टायरमागे घरापर्यंत पायी चालताना फार जड वाटतात. रिम आतून ३० मिमी असली की २.४ ते २.५ इंचांचे टायर नीट बसतात. ट्यूबलेसची टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा काही मिमी जास्तच घ्या, कारण काठाला फट राहिली की हवा स्पोकच्या भोकांतून रात्रभर निसटत राहते आणि आपण मात्र व्हॉल्व्ह बदलत बसतो.

ब्रेकचं तेल हा तर न बदलता येणारा नियम आहे. शिमानो आणि मॅग्युरा मिनरल ऑइलवर चालतात, होप डॉट नावाच्या ब्रेक फ्लुइडवर. एकाच कंपनीतही फरक असतो: स्रॅमचे कोड ब्रेक डॉटवर, तर मॅव्हेन ब्रेक मिनरल ऑइलवर. चुकीचं तेल गेलं की आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक वाया जातो. ब्लीड किट (नळीतली हवा काढायचा संच) देखील दोन्हींसाठी वेगवेगळे ठेवा.

रोटरचा व्यास हा छोटा पण छळणारा मुद्दा. काही कंपन्यांचा मोठा रोटर २०० मिमीचा, काहींचा २०३ चा. अडॅप्टर एकाचा आणि रोटर दुसऱ्याचा आला तर कॅलिपर दीड मिमी वर किंवा खाली बसतो. पॅडचा काठ रोटरच्या बाहेर राहतो, तिथे न झिजलेली कड तयार होते आणि काही दिवसांनी ब्रेक विचित्र आवाज करायला लागतो. शिमानोच्या काही रोटरवर फक्त रेझिन पॅड वापरा असं कोरलेलं असतं. त्यांच्यावर धातूचे पॅड लावू नका.

नवे ब्रेक पहिल्याच उतारावर पकडत नाहीत म्हणून घाबरू नका. मोकळ्या जागी मध्यम वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा, मग जरा जास्त वेगातून दहाएक वेळा ब्रेक लावा, पण चाक लॉक करू नका. त्यानंतरही किंचाळत असतील तर पॅडला तेल किंवा ग्रीस लागलंय. लिव्हर स्पंजासारखा दबत असेल तर नळीत हवा आहे.

ड्रॉपर पोस्ट डोळे मिटून लांब घेणं

आधी टेप काढा. पॅडल मारताना लागणारी सीटची उंची, बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, समजा ७३० मिमी आहे. सीट ट्यूब ४३० आणि सीटची स्वतःची जाडी ५० वजा केली की उरतात २५०. दोनशेचा ड्रॉपर घेतला तर त्याची कॉलर आणि वरचा क्लँप धरून जेमतेम बसेल. १८० चा निवांत बसेल. दुसरं माप खालचं: पोस्टचा उरलेला भाग सीट ट्यूबमध्ये जायला जागा हवी. मध्येच वाकलेली ट्यूब किंवा बाटलीचे बोल्ट त्याला अडवतात. व्यास ३०.९, ३१.६ आणि ३४.९ असे आहेत. लहान पोस्ट शिमने मोठ्या ट्यूबमध्ये बसते, उलट होत नाही.

हँडलबार आणि स्टेमचं क्लँप एकाच मापाचं हवं, ३१.८ किंवा ३५. शिफ्टर आणि ब्रेक वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर मॅचमेकर (स्रॅमची) आणि आय-स्पेक (शिमानोची) या क्लँपच्या पद्धतींमधला जोडभाग आधीच मागवून ठेवा. फोर्कचा स्टीअरर (फ्रेमच्या पुढच्या नळीतून वर जाणारी फोर्कची नळी) पहिल्यांदा लांबच कापा, वर दोन-तीन स्पेसर राहू द्या. महिनाभर चालवून उंची पटली की मग हवा तेवढा कमी करा. कार्बनच्या हँडलला ग्रिप पेस्ट लावा आणि भागावर छापलेला टॉर्क पाळा, तो बहुधा ५ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. त्यासाठी टॉर्कचा पाना लागतोच. हाताच्या अंदाजाने कार्बन आवळू नये.

जुळवणी झाली, पण कुरकुरतेय

पहिल्या काही फेऱ्यांनंतर आवाज येणं नैसर्गिक आहे, बोल्ट बसतात, केबल ताणल्या जातात. फक्त शोध नीट क्रमाने घ्या. आधी सीटवरून उठून पॅडल मारा. आवाज थांबला तर तो सीटच्या रेल्समध्ये, क्लँपमध्ये किंवा सीट ट्यूबमध्ये आहे. उठल्यावरही येत राहिला तर पॅडल काढून आट्यांना ग्रीस लावा, मग चेनरिंगचे बोल्ट, मग मागचा एक्सल आणि हँगरची जागा साफ करून पुन्हा आवळा. पुढचा ब्रेक धरून सायकल मागे-पुढे हलवल्यावर टक् टक् झालं तर हेडसेट. चेन न फिरवता नुसतं सीटवर बसून वरखाली केल्यावर आवाज आला तर सस्पेन्शनचे सांधे आणि शॉकचे बुश तपासा. बॉटम ब्रॅकेट सगळ्यात शेवटी उघडा. बदनाम तोच होतो, पण मी शोधलेल्या आवाजांपैकी निम्म्याहून जास्त वेळा तो सीटच्या क्लँपमधली किंवा एक्सलखालची चिमूटभर माती निघाला आहे.