कृष्णधवल छायाचित्रात फक्त शालूला रंग

आजीच्या लग्नाच्या कृष्णधवल छायाचित्रात केवळ शालूला त्याचा डाळिंबी रंग द्यायचा होता. परंतु ‘गिंप’ या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये कोणताही रंग निवडला तरी कुंचल्यातून राखाडी छटाच उमटत असे. स्कॅन केलेली फाइल ग्रेस्केल स्वरूपात होती आणि त्या स्वरूपात रंगाची माहिती साठवण्याची सोयच नसते. ‘इमेज’ मेनूतील ‘मोड’मध्ये जाऊन ‘आरजीबी’ (लाल-हिरवा-निळा) हे रंगीत स्वरूप निवडताच ही अडचण दूर झाली.

त्यानंतर मूळ चित्रावर एक पारदर्शक लेयर, म्हणजे थर, घेऊन त्याचा मोड, म्हणजे खालच्या चित्रात मिसळण्याची रीत, ‘एचएसएल कलर’ ठेवला. या मोडमध्ये रंग वरच्या लेयरचा आणि उजेड-सावली खालच्या छायाचित्राची राहत असल्यामुळे शालूच्या चुण्या आणि जरीचे विणकाम झाकले जात नाही. हाच या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. मात्र अगदी पांढऱ्या किंवा काळ्या भागावर रंग चढत नाही, म्हणून काठावरील चमक तशीच राहिली, आणि ती तशीच शोभते. बोटांवर व बांगड्यांवर पसरलेला रंग खोडून न टाकता लेयर मास्कवर, म्हणजे लेयरचा भाग झाकणाऱ्या पडद्यावर, मऊ कडेच्या काळ्या कुंचल्याने झाकला, कारण तेथे पांढरा कुंचला फिरवला की झाकलेला रंग परत आणता येतो. लेयर शाबूत राहावेत म्हणून एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या स्वरूपातील प्रत जपली आणि छपाईसाठी जेपेग वेगळी काढली.