पहिला ट्रेक आणि ४३ वस्तूंची यादी

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. पण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मोबाइलवर येणारी यादी वाचली की वाटतं, मंडळी कसाऱ्याला उतरून बारी गावात नाही, थेट एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला निघाली आहेत. गेटर म्हणजे बुटांवरून पोटरीला गुंडाळायचं आवरण, उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग, उंची दाखवणारं अल्टिमीटरवालं घड्याळ, पाणी गाळायची नळी आणि सॅकला लटकणारे चार कॅरॅबिनर, म्हणजे दोर अडकवायचे धातूचे हूक. या कॅरॅबिनरचं प्रत्यक्ष काम एकच, लोकलमध्ये शेजाऱ्याच्या बॅगेत अडकणं. त्यावर पेलायचा भार किलोन्यूटनमध्ये (kN) कोरलेला नसेल तर ते चाव्यांचं कडं समजा. कोरलेला असेल आणि गाठ मारता येत नसेल, तरीही तेच समजा.

पैसे घालायचे तर बुटांत. सह्याद्रीतला त्रास बर्फाचा नाही, घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उताराचा, आणि शेवाळलेल्या कातळाचा आहे. सोलला खोल खाचा आणि मऊ रबर हवं. जिमचे गुळगुळीत बूट घसाऱ्यावर पाय धरू देत नाहीत. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला घालणार तेच मोजे घालून पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट मावलं पाहिजे. नाही मावलं तर उतरताना अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. नखं दोन दिवस आधी कापा. वॉटरप्रूफ बुटांचा जुलैत उपयोग कमी, कारण ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि मग आतच मुक्काम करतं. जाळीचा बूट निदान निथळतो.

माळ्यावर ठेवलेले जुने बूट काढणार असाल तर आधी तपासा. पॉलियुरेथेनचा सोल मुंबईच्या दमट हवेत न वापरताही कुजतो. बूट हाताने वाकवा, टाचेजवळ अंगठा दाबा. भेगा दिसल्या किंवा भुगा पडला तर घरीच ठेवा, नाहीतर अर्ध्या डोंगरावर तळवा सुटून येईल. त्या वेळेसाठी दोन मीटर बारीक नायलॉन दोरी सोबत असावी. टाचेखालून आणि चवड्याखालून वेढे घेऊन वर गाठ मारली की गावापर्यंत निभतं. यादीत दोर असतो तो मात्र तीस मीटरचा.

पाणी माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो. नळीवाली पिशवी सोयीची खरी, पण आत किती उरलंय ते दिसत नाही, म्हणून एक साधी बाटली ठेवा. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच घोळा. तेच अर्ध्या लिटरमध्ये घातलं की तहान भागण्याऐवजी वाढते.

ट्रेकिंग पोल, म्हणजे टेकायची काठी, एक पुरे, तोही उतरताना गुडघ्यांसाठी. कळसूबाईच्या शिड्यांवर दोन्ही हात कठड्याला लागतात. तिथे पोल मिटून सॅकमध्ये टाका.

पावसाळ्यात महागडं जॅकेट घातलं तरी भिजणार आहातच, बाहेरून पावसाने नाहीतर आतून घामाने. साधं विंडचीटर माथ्यावरच्या वाऱ्यापुरतं पुरतं. सॅकचं कव्हर पाठीच्या बाजूने गळतं, म्हणून आत मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात परतीचे कोरडे कपडे ठेवा. जीन्स नको. भिजली की जड होते आणि मांड्या सोलून काढते.

हेडटॉर्च हवाच, दिवसाच्या ट्रेकलाही. उशीर झाला की मोबाइलच्या उजेडात एक हात अडकतो आणि बॅटरी संपते. दरीत नेटवर्क शोधून फोन तसाही दमतो. नकाशा घरीच फोनमध्ये डाउनलोड करून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. मदतीचा नंबर ११२.

सॅक २५ ते ३० लिटरची. साठ लिटरची सॅक रिकामीच दोन किलोच्या आसपास भरते, शिवाय जागा दिसली की माणूस भरतोच. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं. इथे दोन्ही तुम्हीच. बाटल्या पाठीला चिकटून ठेवा, तळाशी नको. लोकलमध्ये सॅक पोटावर घ्या. निघण्याआधी काट्यावर ठेवा: पाण्यासकट पाच किलोच्या आसपास ठीक. सहाच्या वर गेली तर ब्लूटूथ स्पीकर आणि डिओची बाटली आधी काढा, कारण कड्यांना आग्या मोहोळं असतात आणि आवाजाने, वासाने माश्या उठतात.